झोप उडाली आहे, पण दोष थायरॉइडच्या गोळीचा नाही

प्रश्न थोडक्यात असा. वय २७, पहिलंच बाळंतपण, २४ आठवडे पूर्ण. आठव्या आठवड्यात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक; थायरॉइड कमी पडलं की हे वाढतं, जास्त झालं की उतरतं) ६.२ आलं म्हणून ५० मायक्रोग्रॅमची थायरॉइडची गोळी सुरू झाली. परवाच्या रिपोर्टमध्ये टीएसएच १.९ आणि हिमोग्लोबिन ९.६. पण गेला महिनाभर झोप म्हणून नाही. अंथरुणाला पाठ टेकली की पायांत आतून काहीतरी वळवळतं, उठून फेऱ्या मारल्या की थांबतं, आडवं झालं की पुन्हा सुरू. पहाटे कुठे डोळा लागतो, तर पाचला नळ येतो. सासूबाई म्हणतात गोळीनेच झोप उडाली, बंद कर. मावसबहीण म्हणते गोळी कमी पडतेय, वाढवून घे. दोन दिवस गोळी बंद ठेवून पाहिली, काही फरक नाही. नवरा सांगतो की हल्ली घोरतेस. डाव्याच कुशीवर झोपायचं या धास्तीने कूस बदलायचीही भीती वाटते. झोपेची एखादी साधी गोळी चालेल का?

ताई, उद्या सकाळी उठल्या उठल्या थायरॉइडची गोळी पुन्हा सुरू करा. बाकीचं सगळं त्यानंतर बोलू.

दोन दिवस बंद ठेवून फरक पडला नाही, यात नवल नाही. ही गोळी म्हणजे लेव्होथायरॉक्सिन, आपल्या गळ्यातली ग्रंथी जे बनवते तेच, टी-४. शरीरात ते निम्म्यावर यायला साधारण सात दिवस लागतात. म्हणजे तुम्ही गोळी बंद ठेवलीत तेव्हा रक्तात तिचा बहुतेक साठा तसाच होता. झोपेवर परिणाम होतो की नाही हे त्या दोन दिवसांत कळणारच नव्हतं. याचीच दुसरी बाजू अशी की गोळी सुरू केली किंवा बदलली तर टीएसएचमध्ये खरा आकडा दिसायला चार ते सहा आठवडे जातात. काल गोळी घेतली आणि आज झोप उडाली, असा हिशेब या औषधाला लागूच पडत नाही.

सासूबाईंचा मात्र राग धरू नका. या गोळीने झोप उडू शकते, हे त्यांचं म्हणणं अगदी निराधार नाही. गोळीचं प्रमाण गरजेपेक्षा जास्त झालं तर छातीत धडधड होते, हात थरथरतात, घाम फुटतो, शौचाला पातळ होतं, खाऊनही वजन उतरतं आणि रात्री टक्क जाग राहते. पण तेव्हा टीएसएच अगदी खाली जातं, ०.१ च्याही खाली. तुमचं १.९ आहे. तुमच्या गरजेला ५० ची गोळी नेमकी बसलेली आहे, असं हा आकडा सांगतो.

मावसबहिणीच्या सल्ल्यालाही हेच उत्तर. माझ्या ओपीडीत रोज एक तरी बाई म्हणते, ‘मॅडम, थकवा आहे, थायरॉइड वाढलं असेल.’ थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ, केस गळणं, पाय सुजणं ही थायरॉइड कमी पडल्याची लक्षणं खरी, पण सहाव्या महिन्यात थायरॉइड ठणठणीत असलेल्या बाईलाही यातली निम्मी असतात. गरोदरपणात थकव्यावरून गोळीची पॉवर ठरवायला गेलं तर हमखास चुकतं. ती ठरते टीएसएचवर, आणि टीएसएच दर चार आठवड्यांनी, निदान विसाव्या आठवड्यापर्यंत, आणि मग तिसाव्याच्या आसपास एकदा पाहायचं असतं. तुमची पुढची तपासणी त्या सुमाराला येते.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण रिपोर्टवर लाल ठसा दिसला की घरात रडारड होते. दिवस राहिल्यावर वारेतून एचसीजी नावाचं संप्रेरक भरपूर येतं. त्याची ठेवण टीएसएचसारखीच असल्याने ते थायरॉइडला परस्पर चालना देतं, आणि पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच आपोआप खाली उतरतं. म्हणून लॅबच्या कागदावर छापलेली एरवीची मर्यादा गरोदर बाईला जशीच्या तशी लावायची नसते. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०११ मध्ये पहिल्या तिमाहीसाठी वरची मर्यादा २.५ सांगितली. आपल्या केंद्र सरकारच्या २०१४ च्या सूचनाही २.५ आणि नंतरच्या महिन्यांत ३ याच आकड्यांवर आहेत. मग लक्षात आलं की त्यामुळे निरोगी बायकाही मोठ्या संख्येने गोळीवर जाताहेत. २०१७ मध्ये त्याच असोसिएशनने सांगितलं की आपल्या भागाची स्वतंत्र मर्यादा उपलब्ध नसेल तर साधारण ४ धरावी, आणि २.५ ते ४ च्या मधल्या बाईत टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं, आहेत का ते पाहून ठरवावं. एकाच गावातले दोन डॉक्टर ३.१ च्या रिपोर्टवर वेगळं बोलतात ते यामुळे. दोघांपैकी कुणी तुम्हाला फसवत नसतं. तुमचं ६.२ मात्र दोन्ही हिशेबांत वरच जातं, गोळी सुरू करणं बरोबरच होतं.

आणि बाळाची बुद्धी? हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो मनात असणारच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या बायकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणात ज्यांचं थायरॉइड बरंच कमी होतं आणि उपचार झाले नव्हते, त्यांच्या मुलांचा बुद्ध्यांक सात ते नऊ वर्षांच्या वयात इतरांपेक्षा सरासरी ७ गुणांनी कमी निघाला. ती भीती तिथून घरोघरी पोहोचली. पण २०१७ मध्ये अमेरिकेतच एक मोठी चाचणी पूर्ण झाली. तिच्यात टीएसएच थोडंच वाढलेल्या बायकांपैकी निम्म्यांना गोळी दिली, निम्म्यांना दिली नाही. पाच वर्षांच्या वयात दोन्हीकडच्या मुलांच्या बुद्ध्यांकात म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्या चाचणीत गोळी उशिरा, चौथ्या महिन्याच्या पुढे सुरू झाली होती, असा आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. बाळाची स्वतःची ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या सुमाराला काम सुरू करते आणि अठरा-वीस आठवड्यांपर्यंत कुठे नीट कामाला लागते. तोवर त्याला आईच्याच टी-४ वर भागवावं लागतं. तुम्हाला आठव्या आठवड्यातच गोळी मिळाली. याहून वेळेवर फार थोड्या जणींना मिळते. रात्री जागत पडून या गोष्टीची काळजी करू नका.

आता पायांकडे येते. तुमच्या पत्रातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे.

आडवं झालं की पायांत वळवळ, हलवल्यावाचून राहवत नाही, चाललं की आराम, आणि दिवसा जवळजवळ काही नाही, रात्रीच त्रास. या चारही गोष्टी जुळल्या तर त्याला इंग्रजीत रेस्टलेस लेग्ज म्हणतात. मराठीत याला एकच असं नाव नाही. बायका म्हणतात पाय ओढतात, पाय चुळबुळतात, हाडात किडे फिरतात, पाय कापून टाकावेसे वाटतात. पोटरीत गोळा येणं हे वेगळं. त्यात स्नायू दगडासारखा होतो, कळ येते आणि पाय ताणला की सुटतो. तुमच्यात कळ नाही, अस्वस्थता आहे. गरोदरपणात हे खूप दिसतं, साधारण पाच जणींपैकी एकीला, आणि शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं काही आठवड्यांत जातं. पण तोवर तीन-चार महिने जागून काढायचे, असं अजिबात नाही.

या त्रासाच्या मुळाशी पुष्कळदा लोह असतं. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारं रसायन, बनवायला लोह लागतं, आणि लोहाचा साठा उतरला की पायांची ही चुळबूळ सुरू होते किंवा वाढते. हिमोग्लोबिन ही रोजच्या खर्चाची रक्कम म्हणा, फेरिटिन म्हणजे कोठारातलं धान्य. कोठार रिकामं झालं तरी काही दिवस घर चालतं, म्हणून हिमोग्लोबिन ११ असलेल्या बाईलाही हा त्रास असू शकतो. तुमचं तर ९.६ आहे, म्हणजे मध्यम रक्तक्षय. देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय निघाला. इतकं सर्रास आहे म्हणून ९.६ ला ‘थोडं कमी आहे, पालेभाजी खा’ म्हणून पुढे जायची सवय आम्हा डॉक्टरांनाही लागली आहे. मला ती लागली होती. सुरुवातीच्या वर्षांत एक बाई दर खेपेला पाय ओढतात म्हणून सांगायची आणि मी कॅल्शियम लिहून द्यायची. नववा महिना तिने अंगणात येरझाऱ्या घालत काढला. बाळंतपणात थोडाच रक्तस्राव झाला, पण अंगात मुळात रक्तच नव्हतं, आणि बाटल्या चढवाव्या लागल्या. तिच्या कागदावर हिमोग्लोबिन सुरुवातीपासून लिहिलेलं होतं. तेव्हापासून पायांची तक्रार ऐकली की मी फेरिटिन सांगते.

तुम्हीही फेरिटिन करून घ्या. पायांच्या त्रासासाठी ते ७५ च्या खाली असेल तर लोह द्यावं असं मानतात. तुमचं हिमोग्लोबिन पाहता फेरिटिन ३० च्याही खाली निघालं तरी मला आश्चर्य वाटणार नाही. तसं असेल आणि गोळ्यांनी महिनाभरात फरक पडला नाही किंवा पोटाला सोसल्या नाहीत, तर सलाइनमधून लोह देता येतं, चौथ्या महिन्यानंतर ते सुरक्षित आहे. तुमच्या डॉक्टरांना हे आपणहून विचारा. रक्ताच्या साध्या रिपोर्टमध्ये लाल पेशींचा आकार फार लहान आला असेल आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाची तपासणी राहिलेली नाही ना, तेही बघा. आणि घरी शुद्ध शाकाहार असेल तर बी-१२ सुद्धा.

थायरॉइडशी याचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. दोन जागी आहे, आणि दोन्ही जागी तो नजरेतून सुटतो. एक तर थायरॉइडचं संप्रेरक बनवणाऱ्या यंत्रणेलाच लोह लागतं. लोह कमी असलेल्या बाईची ग्रंथीही जरा मंद चालते. दुसरी जागा म्हणजे तुमचा गोळ्यांचा डबा.

सरकारी केंद्रातून मिळणारी लाल गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिड. शिवाय कॅल्शियमच्या दोन गोळ्या. शिवाय थायरॉइडची. पुष्कळ घरांत या चारही गोळ्या सकाळी एकत्र तळहातावर घेऊन चहाबरोबर गिळतात, एकदाचं उरकलं म्हणून. असं केलं की लोह आणि कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला आतड्यातच धरून ठेवतात, कॅल्शियम लोहाला अडवतं, आणि चहा उरलंसुरलं लोहही अंगी लागू देत नाही. चार गोळ्या घेऊन पदरात काही पडत नाही. मग टीएसएच वाढतं, डॉक्टर ७५ ची पॉवर देतात. पुढे कुणीतरी शहाणी नणंद गोळ्या वेगळ्या करायला सांगते, ७५ ची पूर्ण लागू पडते, आणि त्या वेळी मात्र झोप खरोखर गोळीनेच उडते.

माझ्या पेशंटना मी हे वेळापत्रक फ्रिजच्या दारावर चिकटवायला सांगते. उठल्यावर, समजा सहाला, फक्त पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी. निदान अर्धा तास, जमलं तर तासभर काही नाही, चहाचा घोटसुद्धा नाही. साडेआठच्या आत चहा-नाश्ता. अकराच्या सुमाराला लाल गोळी, लिंबूपाण्याबरोबर किंवा वर आवळ्याची फोड चघळत. तोवर थायरॉइडच्या गोळीला पाच तास झालेले असतात, चहालाही दोन-अडीच तास. लोह आणि थायरॉइडमध्ये चार तासांचं अंतर हवंच. दुपारी जेवल्यावर कॅल्शियम, रात्री जेवल्यावर दुसरं. शौच काळी होईल, घाबरू नका. मळमळ झाली तर लाल गोळी काही दिवस एक दिवसाआड घ्या, पण बंद करू नका. थायरॉइडची गोळी विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर, पोट रिकामं असताना घ्या. बाटली ओट्यावर शेगडीजवळ किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवायची नाही, उष्णतेने आणि दमट हवेने औषधाचा कस जातो.

टीएसएचसाठी रक्त द्यायला सकाळीच जा, आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या. टीएसएचला दिवसरात्रीची लय असते. मध्यरात्रीनंतर ते सगळ्यात वर असतं, दुपारी सगळ्यात खाली. एक खेप सकाळी आठला, पुढची दुपारी तीनला, असं केलं तर आकडे एकमेकांशी जुळवता येत नाहीत. रात्रभर सलग जागरण झालं तरीही ते थोडं वर जातं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा. बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटं खाली आणि टी-४ खोटं वर दिसतं, आणि थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय असा भलताच निष्कर्ष निघतो.

लोहाचा फरक पायांत दिसायला काही आठवडे लागतील. मधल्या काळात संध्याकाळी अर्धा तास सावकाश चालणं, झोपण्यापूर्वी पोटऱ्या ताणणं, कोमट पाण्यात पाय सोडणं, आणि कुणीतरी पाय चेपून देणं, याने खरोखर आराम पडतो. दुपारनंतर चहा-कॉफी नको. आणखी एक गोष्ट नीट आठवून बघा: मळमळीसाठी सुरुवातीला दिलेली गोळी अजून रात्री चालू आहे का? आपल्याकडे डॉक्सिलामिनची गोळी पहिल्या तिमाहीत जवळजवळ प्रत्येकीला मिळते. बाळाला ती सुरक्षित आहे, गुंगीही आणते. म्हणून काहीजणी उलट्या थांबल्यावरही ‘झोप येते’ म्हणून घेत राहतात. पण सर्दीवरची गुंगीची औषधं आणि डॉक्सिलामिन एकाच जातीची, आणि ही जात पायांची चुळबूळ वाढवते. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही तसंच. झोप यावी म्हणून घेतलेली गोळीच पाय हलवत ठेवते. चालू असेल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

झोपेच्या गोळीचं उत्तरही यातच आलं. दुकानातून अल्प्राझोलाम आणायची नाही, कुणाच्या घरात शिल्लक असली तरी घ्यायची नाही. मेलाटोनिनच्या चघळायच्या गोळ्या गरोदरपणात नकोत. आणि अश्वगंधा तर मुळीच नको. आयुर्वेदाचं आहे म्हणजे चालतं असं समजून बायका ती दुधातून घेतात. गरोदरपणात ती टाळायची असते, वर ती थायरॉइडच्या संप्रेरकांचं प्रमाणही वाढवू शकते, म्हणजे तुमचा रिपोर्टही बिघडेल.

घोरण्याबद्दल तुमचे मिस्टर बोलले ते बरं झालं. बायकांना स्वतःचं घोरणं कळत नाही आणि घरात कुणी सांगत नाही. गरोदरपणात नाकाचं अस्तर सुजतं, वजन वाढतं, त्यामुळे थोडं घोरणं अनेकींना होतं. पण पूर्वी नव्हतं आणि आता जोरात आहे, मधेच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, सकाळी डोकं जड असतं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते, यातलं काही असेल तर रक्तदाब आणि साखर दोन्ही जास्त काळजीने पाहावी लागतात. झोपेत श्वास अडण्याचा आजार असलेल्या गरोदर बायकांत रक्तदाब आणि गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो. उपचार न झालेल्या थायरॉइडच्या कमतरतेतही घसा-जीभ सुजून हा आजार होतो, तुमचं थायरॉइड आता आटोक्यात असल्याने ते कारण मागे पडतं. मिस्टरांना एक रात्र पाच मिनिटं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा आणि तो डॉक्टरांना ऐकवा. गरज पडली तर झोपेची तपासणी आता घरीसुद्धा करता येते, आणि त्यावरचं हवेच्या दाबाचं मशीन गरोदरपणात बिनधोक वापरता येतं. खूप डोकं दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, चेहरा एकदम सुजणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तपासणीची तारीख बघत बसायचं नाही.

कुशीची धास्ती सोडा. २८ आठवड्यांनंतर झोपी जाताना उताणं झोपू नये, एवढाच भाग पक्का आहे. गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतं, आणि शेवटच्या तिमाहीत उताणं झोपण्याशी बाळ पोटात दगावण्याचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. पण डावी किंवा उजवी, दोन्ही कुशी चालतात. झोपेत पाठीवर आलात आणि जाग आली तर घाबरायचं काही नाही, पुन्हा कूस घ्या आणि झोपा. जुन्या साडीची गोधडी गुंडाळून पाठीशी लावली की अंग उताणं वळत नाही, एक उशी गुडघ्यांच्या मध्ये. महागडी उशी विकत आणायची गरज नाही. जळजळ होत असेल तर रात्रीचं जेवण आठच्या आत, आणि पलंगाचं डोक्याकडचं अंग दोन विटांनी वर.

आता पाचच्या नळाबद्दल. हे मी प्रत्येक जागरणाच्या तक्रारीत विचारते, कारण औषधाच्या यादीत ते कधीच येत नाही. पहाटे पाणी कोण भरतं? डबे कोण करतं? रात्री दोनला झोप लागलेल्या सहा महिन्यांच्या पोटुशीला पाचला उठावं लागत असेल तर तो आजार तिचा नाही. मिस्टरांना उद्यापासून पाणी भरायला सांगा. हे मी डॉक्टर म्हणून लिहून देते आहे, त्यांना हे वाचून दाखवा. सासूबाईंना गोळीची काळजी वाटली, म्हणजे त्यांना तुमची काळजी आहे. त्यांनाही पुढच्या तपासणीला बरोबर घेऊन जा, त्यांच्या शंका तुमच्या डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सोडवलेल्या बऱ्या.

तरीही झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. वीस मिनिटं गेली असं वाटलं की उठा, मंद दिव्यात बसा, मोबाइल बाजूला, पेंग आली की परत या. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, समजा साडेसहा, आणि गोळीही त्याच वेळी. त्या दिवसांत नाश्ता आणि लाल गोळी त्या हिशेबाने अर्धा तास पुढे सरकवा. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्धा तासच. हे साधं वाटतं, पण निद्रानाशावर गरोदरपणात पहिला उपचार हाच आहे, आणि तो शिकवणारे समुपदेशक असतात. झोप न येण्याबरोबर मन कशातच लागत नसेल, रडू येत असेल, बाळाबद्दलही काही वाटेनासं झालं असेल, तर ते झोपेचं दुखणं नसून मनाचं आहे, आणि त्यावर गरोदरपणातही चांगले उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानसवर १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

मीठ आयोडीनचंच वापरा. गरोदर बाईला दिवसाला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, आणि उपवासाचं सैंधव रोजच्या स्वयंपाकात आणण्याची जी टूम निघाली आहे तिच्यात आयोडीन बहुधा नसतं.

बाळंतपणानंतर गोळीची गरज कमी होते. तुमची गोळी गरोदरपणातच सुरू झाली आहे आणि ५० चीच आहे, त्यामुळे डॉक्टर कदाचित बाळंतपणानंतर ती थांबवतील. मात्र स्वतःहून थांबवू नका, आणि सहा आठवड्यांनी टीएसएच नक्की करा. अंगावर पाजताना ही गोळी पूर्ण सुरक्षित आहे. टीपीओ अँटिबॉडी असलेल्या बायकांत बाळंतपणानंतर काही महिन्यांनी थायरॉइडला सूज येते. आधी धडधड, चिडचिड आणि जागरण, मग महिन्या-दोन महिन्यांनी उलट सुस्ती आणि उदासी. घरात सगळे म्हणतात, बाळामुळे जागरण होतंय. बाळ झोपलेलं असताना, सगळं शांत असताना, पडून राहूनही तुम्हाला झोप येत नसेल, तर पुन्हा टीएसएच करा. टीपीओ केलेलं नसेल तर ते आत्ताच करून ठेवा म्हणजे तेव्हा कळायला सोपं जाईल.

आणि बाळाचं टीएसएच. ते सगळ्याच दवाखान्यांत आपोआप होत नाही, मागून घ्यावं लागतं. जन्मानंतर ४८ तास उलटले की टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब कागदावर घेतात. आपल्याकडे साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाला जन्मतः थायरॉइडची कमतरता असते, आईला असो वा नसो. वरून बाळ अगदी गुटगुटीत दिसतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर ते इतर मुलांसारखंच वाढतं. पाचवी पुजायच्या आत रक्त दिलेलं असावं, आणि डिस्चार्जच्या कागदावर तो रिपोर्ट कधी मिळणार ती तारीख लिहून घ्या.